भरून नको, बदलून घ्या

(ऊसतोडीला निघणाऱ्या बचत गटातल्या मैत्रिणींसाठी रेडिओवर केलेलं भाषण)

दिवाळी तोंडावर आली. फराळाचं दळण, पोरांचे कपडे, घराची झाडलोट हे तर आहेच. आपल्या भागात आणखी एक गडबड असते, मुकादमाच्या फोनची. कारखान्यांचा गळीत हंगामही जवळ आलाय. म्हणजे भाऊबीज आटोपली की आपल्या गटांतल्या कितीतरी जणी बांधाबांध करून टोळीबरोबर निघतील.

त्या बांधाबांधीत काय काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. ताडपत्री, बांबू, पिठाचं पोतं, तिखटमिठाचे डबे, लेकरांची दप्तरं, एखादी कोंबडीसुद्धा. आणि आता बऱ्याच जणींच्या सामानात असते ती लहानशी गॅसची टाकी. पहाटे अंधारात उठून फडावर जायचं, त्याआधी भाकरी थापायच्या, तर ओल्या सरपणाशी झुंजण्यापेक्षा गॅस बरा. हे खरंच आहे. धुरात डोळे चोळत बसा असं मी कुणालाच म्हणणार नाही. पण ती टाकी कुठली, तिच्यावर काय लिहिलंय, ती शेवटची कुणी तपासली, हे विचारलं की सगळ्या एकमेकींकडे बघतात. म्हणून आज टाकीबद्दलच बोलायचं ठरवलं. कुणी सिलेंडर म्हणतं, माझ्या सासूबाई बाटला म्हणतात, मी टाकीच म्हणते.

सुरुवात घरच्या मोठ्या टाकीपासून करू. ती समोर असते, तिच्यावर वाचायला शिकलं की लहानीवरही वाचता येतं.

टाकीच्या वर धरायला गोल कडं असतं. त्या कड्याला खालून तीन उभ्या लोखंडी पट्ट्यांचा आधार असतो. त्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला, म्हणजे वॉल्व्हच्या तोंडाकडच्या बाजूला, रंगाने एक इंग्रजी अक्षर आणि पुढे दोन आकडे लिहिलेले असतात. वाकून बघावं लागतं, म्हणून कुणाच्या नजरेला पडत नाही. अक्षरं फक्त चार असतात, ए, बी, सी आणि डी. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी घाबरू नका, ही अक्षरं आपल्या ओळखीची आहेत. ए म्हणजे आपली कोपी. दोन बांबू वर टेकवलेले आणि मध्ये एक आडवी काठी. बी म्हणजे एक उभी काठी आणि तिला उजव्या अंगाला एकाखाली एक दोन पोटं. सी म्हणजे विळा, मूठ नसलेला. आणि डी म्हणजे अर्धी भाकरी उभी करून ठेवली तर दिसेल तशी. आकडे मोबाइलच्या बटणांवर असतात तेच. मोबाइल तर आपण सगळ्याच लावतो.

आता या अक्षरांचा अर्थ. वर्षाचे तीन-तीन महिन्यांचे चार भाग केले आहेत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे दोन आकडे वर्षाचे. टाकीवर विळा आणि २५ असेल तर तिची मुदत सप्टेंबर २०२५ अखेर संपली. ती आज तुमच्या दारात आली तर घ्यायची नाही. अर्धी भाकरी आणि २५ असेल तर तिची मुदत डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत. कोपी आणि २८ असेल तर मार्च २०२८ पर्यंत. एखादीवर ३४, ३५ असा आकडा दिसला तर गोंधळू नका, ती टाकी नवी कोरी आहे.

ही तारीख कसली ते नीट समजून घ्या, कारण मोबाइलवर याबद्दल काहीबाही फिरत असतं. तारीख उलटली की टाकी फुटते, आत गॅस नासतो, असले मेसेज मलाही येतात. गॅस नासत नाही. तारीख टाकीच्या लोखंडाच्या तपासणीची आहे. आपल्या ट्रॅक्टरचं पासिंग असतं ना, तसं. पासिंग संपलं म्हणून ट्रॅक्टर त्या रात्री मोडून पडत नाही, पण त्याचे ब्रेक कुणी बघितले का, याची खात्री मात्र आता कुणी देत नाही. टाकीचंही तेच. तारीख उलटलेल्या टाकीत पुन्हा गॅस भरायला नियमाने मनाई आहे. आधी तपासणी, मग भरणं.

नवी टाकी तयार झाली की पहिली तपासणी दहा वर्षांनी होते, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी. आता एक हिशेब करा. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. त्या वर्षी बनलेल्या टाक्यांना २०२६ मध्ये दहा वर्षं पुरी होतात. म्हणजे त्या सुमारास आपल्या गावांतून अशा कितीतरी टाक्या फिरतील ज्यांची पहिलीच तपासणी आली आहे. तुमच्या चुलीशेजारी आज कोणती आहे सांगता येत नाही, कारण टाकी दर वेळी बदलून येते. बघायचं म्हणजे दर वेळी बघायचं.

तपासणी म्हणजे नुसता वरून रंग मारतात का, असं मला एका बैठकीत एका आजींनी विचारलं. प्रश्न चांगला होता. रंगही मारतात, पण आधी बरंच काही होतं. गॅस भरायच्या कारखान्यात रिकाम्या टाक्या येतात तेव्हा तारीख आलेल्या टाक्या बाजूला काढतात. त्यातला उरलासुरला गॅस काढतात, वॉल्व्ह खोलतात. मग डोळ्यांनी तपासतात. पोचा किती खोल आहे, गंज कुठवर खाल्लाय, कुठे फुगलीय का, कधी आगीत सापडली होती का, बुडाची बैठक वाकलीय का, वेल्डिंगच्या सांध्याला चीर आहे का. मग टाकी पाण्याने पूर्ण भरतात आणि त्या पाण्यावर दाब देतात. घरगुती टाकीला हा दाब दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो इतका असतो. म्हणजे आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सिमेंटचं अर्धं पोतं ठेवल्यासारखं, आणि तेही टाकीच्या आतून सगळ्या बाजूंनी. आपल्या स्वयंपाकघरात टाकीला जेवढा दाब सोसावा लागतो त्याच्या हा कितीतरी जास्त. तेवढ्या दाबाखाली टाकी धरून ठेवतात आणि बघतात, कुठे घाम सुटतोय का, पाण्याचा थेंब येतोय का.

पाणीच का? हवेने का नाही? हवा दाबली की ती दबते आणि टाकी फुटली तर ती हवा स्फोटासारखी उसळते. पाणी जवळजवळ दबतच नाही. त्यामुळे टाकी कच्ची निघाली तर पाणी गळतं आणि तिथेच थांबतं, तपासणारा माणूस घरी जातो. मला हे कळलं तेव्हा फार आवडलं होतं. कुणीतरी त्या कामगाराचाही विचार करून ही रीत ठरवली आहे.

टाकीचं वजनही करतात. गंजाने लोखंड झडलं तर टाकी हलकी होते. पाच टक्क्यांहून जास्त वजन घटलं, किंवा दाबाच्या परीक्षेत नापास झाली, तर ती पुन्हा वापरायची नाही. नुसती बाजूलाही टाकायची नाही. कायदा असा आहे की ती चेपून सपाट करायची, किंवा पुन्हा जोडता येणार नाहीत असे तुकडे करायचे. भंगारवाल्याने उचलून पुन्हा विकू नये म्हणून. पास झाली तर तिला रंग, तपासलेला वॉल्व्ह आणि पट्टीवर पुढच्या पाच वर्षांची नवी तारीख. गॅसच्या टाक्यांचे हे नियम २०१६ चे आहेत आणि ते ज्या केंद्र सरकारच्या खात्याच्या ताब्यात आहेत, त्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची मुख्य कचेरी आपल्या नागपुरात आहे. या तपासणीचे पैसे आपल्याला पडत नाहीत. टाकी कंपनीची असते, आपण फक्त अनामत भरलेली असते. उज्ज्वलामध्ये तीही सरकारने भरली.

आता नीट ऐका, माझ्या आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट इथे आहे. घरची टाकी तपासली जाते कशामुळे? आपण ती बदलून घेतो म्हणून. रिकामी दिली, भरलेली घेतली. रिकामी कारखान्यात जाते, तिथे कुणाच्या तरी नजरेखालून जाते. दर खेपेला जाते.

आणि कोपीतली लहान टाकी? बाजारातून घेतलेली, हिरवी, निळी, लाल, कसलाही रंग मारलेली. तिच्यावर कंपनीचं नाव नाही. तारीख नाही. रिकामी झाली की नवरा किंवा दीर ती दुचाकीवर घेऊन तालुक्याच्या किंवा कारखान्याजवळच्या दुकानात जातो. दुकानदार तीच टाकी भरून देतो आणि ती परत आपल्याच कोपीत येते. पाच वर्षं, आठ वर्षं, तीच टाकी. ती कुठल्या कारखान्यात जात नाही, तिच्यात कुणी पाणी भरून दाब देत नाही, तिचं वजन कुणी करत नाही. पट्टीवर तारीख लिहायची तर लिहिणार कोण? काहींवर आयएसआयचं चिन्ह उमटवलेलं असतं. चिन्हाचा ठसा कुणीही करून आणू शकतं. विकणाऱ्याला एवढंच विचारा, “दादा, ही तपासायला कुठे जाते?” बघा काय उत्तर देतो ते.

भरण्याची तऱ्हा तर त्याहून वाईट. दुकानदार घरगुती मोठी टाकी उलटी करतो आणि नळीने लहान टाकीत गॅस सोडतो. हा कायद्याने गुन्हा आहे, म्हणूनच मागच्या खोलीत करतात. तिथे एखादी ठिणगी पडली तर काय होईल ते बोलायला नको. पण धोका दुकानातच संपत नाही, तो तुमच्याबरोबर कोपीत येतो. टाकीत गॅस असतो तो दाबाखाली पातळ झालेला असतो, पाण्यासारखा. उन्हाने तापला की तो फुगतो. म्हणून कारखान्यात टाकी साधारण ८५ टक्केच भरतात, वर मोकळी जागा ठेवतात. दूध तापवताना आपण पातेलं काठोकाठ भरत नाही, त्यातलाच प्रकार. नळीने भरणाऱ्याला ही जागा किती राहिली ते कळायचं कसं? गिऱ्हाइकाला खूश करायला तो थोडा जास्तच भरतो. मग मार्चचं ऊन, ताडपत्रीची कोपी, आणि आत काठोकाठ भरलेली, गंजलेली टाकी. पातेल्यातलं दूध उतू जातं, टाकीतल्या गॅसला उतू जायला जागाच नसते.

त्यात या टाक्यांच्या डोक्यावरच शेगडी बसवलेली असते. वर जाळ, खाली वॉल्व्ह. आणि भोवती लेकरं.

मला माहीत आहे, बायका ही टाकी का घेतात. कारणं साधी आहेत. दोनशे रुपयांचा गॅस मागितला तर दोनशेचा मिळतो. कागद लागत नाही. उज्ज्वलाची टाकी गावाकडे सासू-सासरे आणि शाळेतल्या पोरांसाठी ठेवावी लागते. ती सहा महिने नेली तर म्हाताऱ्यांनी काय चुलीत फुंकायचं? यात कुणाचा मूर्खपणा नाही, गरज आहे. म्हणून नुसतं ‘घेऊ नका’ म्हणून मला गप्प बसता येत नाही. दुसरा रस्ता काय, तेही बोलू.

पहिला रस्ता. सरकारी तेल कंपन्यांची ५ किलोची टाकी मिळते. इंडेनच्या या टाकीला ‘छोटू’ म्हणतात, बाकीच्या दोन कंपन्यांच्याही आहेत. ही घ्यायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. गॅस एजन्सीत मिळते, काही पेट्रोल पंपांवर आणि काही किराणा दुकानांतही मिळते. संपली की त्या कंपनीच्या कुठल्याही अशा ठिकाणी रिकामी द्यायची आणि भरलेली घ्यायची. बदलून, लक्षात आलं ना? बीडला घेतलेली सांगलीकडे बदलता येते. हिच्यावरही आत तारीख असते, ती वाचूनच घ्यायची. हिचा गॅस बाजारभावाने असतो, घरगुती दराने नाही, आणि सुरुवातीला टाकीचे पैसेही भरावे लागतात. स्वस्त आहे असं मी म्हणणार नाही. पण भरून देणारा दुकानदार किलोला किती घेतो आणि प्रत्यक्षात किती किलो देतो, ते एकदा काट्यावर ठेवून बघा, मग दोन्हींची तुलना करा.

दुसरा रस्ता उज्ज्वलातून. ज्यांच्याकडे उज्ज्वलाची १४.२ किलोची एक टाकी आहे, त्यांना ती देऊन ५ किलोची घेण्याची सोय आहे. आणि नवं कनेक्शन घेताना ५ किलोच्या दोन टाक्यांचा पर्यायही आहे, एक घरी, एक हाताशी. ज्यांचं कनेक्शनच नाही आणि बाहेरगावी राहिल्यामुळे रेशन कार्डाची, पत्त्याची अडचण आहे, त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये उज्ज्वलाचा दुसरा टप्पा निघाला तेव्हा नियम सैल केला. स्थलांतरित कुटुंबाने पत्त्याचं आणि कुटुंबाचं स्वयंघोषणापत्र दिलं तरी चालतं. आपण ऊसतोड कामगार म्हणजे स्थलांतरितच की. एजन्सीत गेल्यावर हा शब्द वापरा.

तिसरी गोष्ट मुकादमाची. काही टोळ्यांत टाकी मुकादमच देतो आणि तिचे पैसे उचलीत धरतो. म्हणजे पैसे आपलेच. मग आपल्याच पैशाची टाकी कसली ते विचारायचा हक्क आपल्याला नाही का? उचल मोजून घेताना जशा नोटा मोजता, तशी टाकी वाकून बघा. तारीख नसलेली असेल तर म्हणा, हिचे पैसे धरू नका, आम्ही आमची आणतो. एकटीने म्हणायला जड जाईल हे मला कळतं. एका टोळीत एका गटाच्या चार-पाच जणी असतात, त्यांनी मिळून म्हणावं. गटातून अंतर्गत कर्ज घेऊन दोन कोयत्यांनी मिळून एक ५ किलोची टाकी घेतली तरी भागतं. आमच्या एका गटाने गेल्या हंगामात हे केलं. हप्ते वेळेत आले का, असं तुम्ही विचाराल. एकीचे दोन हप्ते उशिरा आले, बाकीच्यांचे आले.

मोठी टाकी दारात येते तेव्हाही बोलावं लागतं. आमच्या गावातल्या एका ताईंनी मागच्या महिन्यात टाकी घेताना वाकून बघितलं तर अक्षर पुसलेलं. गाडीवाला म्हणाला, “ताई, सगळ्या अशाच असतात.” ताई म्हणाल्या, “मग गाडीतल्या सगळ्या दाखवा.” तिसऱ्या टाकीवर स्वच्छ अक्षर निघालं, बी आणि २९. ती घेतली. पुसट अक्षर म्हणजे न वाचता येणारी तारीख, म्हणजे तारीख नसल्यासारखीच. भांडण करायचं कारण नाही. दुसरी द्या म्हणायचं आणि दारात उभं राहायचं.

त्याच वेळी वजनही बघून घ्या. पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. समजा १५.३ किलो आहे. त्यात गॅसचे १४.२ मिळवा, २९.५ किलो भरलं पाहिजे. दीडशे ग्रॅम इकडेतिकडे चालतं. गाडीवाल्याजवळ काटा असायला हवा, तो मागायला लाजू नका. आपण बाजारात भाजी घेताना काट्याकडे किती बारीक बघतो! आणि वॉल्व्हवरची टोपी काढायला लावून तिथे गॅस सुटत नाही ना, तेही त्याच्याकडूनच तपासून घ्या. ती टोपी दोरीने बांधलेली असते, ती तोडून फेकू नका. वॉल्व्ह गळायला लागला तर तीच टोपी दाबून बसवली की गळती थांबते.

दोन प्रश्न बैठकांमध्ये हमखास येतात. एक, तारीख उलटलेली टाकी आत्ता घरात आहे, आज रात्री झोपायचं का? झोपा. वास येत नसेल तर घाबरून ती शेतात नेऊन टाकू नका. रेग्युलेटर बंद करा, काढा, टोपी बसवा, सकाळी एजन्सीला फोन करून बदलून मागा. दुसरा प्रश्न पुराचा आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांच्या टाक्या गाळात होत्या. त्या नुसत्या धुऊन परत जोडू नका. वॉल्व्हच्या तोंडात माती बसली तर तो नीट मिटत नाही. रेग्युलेटर आणि नळी पाण्यात बुडाली असेल तर तीही. एजन्सीच्या माणसाला दाखवा, मगच लावा. नळी तर तशीही पाच वर्षांनी बदलायचीच असते, तिच्यावर वर्ष छापलेलं असतं. ती केशरी रंगाची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळीच घ्या.

आता कोपीतलं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. सुटला की धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो आणि खोलगट जागी साचतो. कोपीत आपण झोपतो कुठे? जमिनीवरच. लेकरं तर जमिनीवरच असतात. म्हणून रात्री शेवटचा चहा झाला की रेग्युलेटर बंद करायचा, नुसती शेगडीची चावी नाही. टाकी उभीच ठेवायची, संपत आली म्हणून आडवी करायची नाही. पाचटाच्या ढिगाला टेकवून ठेवायची नाही. गळतीचा संशय आला तर काडी ओढून बघणारे महाभाग आहेत. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की कळतं. गॅसला स्वतःचा वास नसतो. तो नासक्या कोबीसारखा वास मुद्दाम मिसळलेला असतो, आपल्याला कळावं म्हणून. तो आला की विस्तव विझवा, मोबाइल आणि बॅटरीला हात लावू नका, ताडपत्री दोन्हीकडून वर करा, लेकरांना घेऊन बाहेर या, आणि लांब जाऊन १९०६ ला फोन करा. हा नंबर गॅसगळतीसाठीच आहे, दिवसरात्र लागतो. एक नऊ शून्य सहा. कोपीच्या बांबूवर कोळशाने लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. नोंदणी असलेल्या गॅस ग्राहकासाठी तेल कंपन्यांनी विमा काढलेला असतो, त्याचा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. गॅसमुळे लागलेल्या आगीत माणूस गेला तर ६ लाख रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे, दवाखान्याच्या खर्चाचीही आहे. अपघात झाला की एजन्सीला लगेच लेखी कळवायचं असतं. मागच्या खोलीत भरलेल्या बेनामी टाकीला यातलं काहीच मिळत नाही. दुकानदार तर ‘टाकी माझ्याकडची नव्हतीच’ म्हणून हात झटकतो, आणि आपल्याजवळ पावती नसते.

जत्रेत, प्रदर्शनात वडापाव-भज्यांचा स्टॉल लावणाऱ्या गटांसाठी एकच वाक्य. तिथे घरगुती लाल टाकी चालत नाही, १९ किलोची व्यवसायाची टाकी घ्यावी लागते, आणि तारीख तिच्यावरही तशीच वाचायची असते. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनीही सुट्टी संपून शाळा उघडल्यावर आधी टाकी वाकून बघावी, मग खिचडी चढवावी.

आता काम. येत्या शनिवारी आपल्या गटांच्या बैठका आहेत. प्रत्येकीने घरच्या टाकीवरचं अक्षर आणि आकडा चिठ्ठीवर काढून आणायचा. लिहिता येत नसेल तर कोपी, दोन पोटं, विळा की अर्धी भाकरी, चित्र काढून आणा, चालेल. तोडीला जाणाऱ्या ज्या जणींकडे लहान टाकी आहे, त्यांनी टाकी आणू नका, तिच्या वरच्या भागाचा आतून-बाहेरून फोटो काढून आणा. ज्यांना ५ किलोची हवी आहे त्यांनी ओळखपत्राची झेरॉक्स बरोबर ठेवा. मी सोमवारी तालुक्याच्या एजन्सीत जाणार आहे, किती टाक्या मिळतात, किती पैसे भरावे लागतात ते लेखी घेऊन येते. भाऊबीजेच्या आत झालं पाहिजे, कारण त्यानंतर तुम्ही ट्रॅक्टरवर असाल.